कॅम्प चार ते चामटोली, मार्गे बेथलेहेम

प्रवासवर्णन लिहायचं तर माणूस निदान सिंगापूरला तरी जाऊन आलेला असावा, अशी आमच्या नात्यागोत्यात समजूत आहे. माझा साडू चार दिवस दुबईला जाऊन आला, त्यावर तो तीन वर्षं बोलतोय. मी उल्हासनगरहून निघालो, अंबरनाथ केलं, बदलापूर केलं आणि चामटोलीच्या चिखलात एक चप्पल ठेवून परत आलो. पासपोर्ट लागला नाही. पण त्या एका पावसाळ्यात मी जेवढा चिडलो, तेवढा साडू दुबईत बॅग हरवल्यावरसुद्धा चिडला नसेल. ज्यांच्यावर असा प्रवास करायची वेळ अजून आली नाही, पण येईल अशी धास्ती आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

निमित्त आमच्या सुजाताचं. सुजाता माझी थोरली मुलगी, अंबरनाथच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. २००७ साली एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला आशीषशी लग्न करायचंय." आशीष भिंगारदिवे तिच्याच लॅबमधला. घरी दोनतीनदा येऊन गेलेला, सरळ, कमी बोलणारा मुलगा. आणि ख्रिस्ती.

मी घास खाली ठेवला आणि भाषण सुरू केलं. "आपण बौद्ध आहोत. आपल्या घरात कुठलीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय मानत नाहीत. त्या लोकांचं पुस्तक आधी मी वाचणार. काय आहे, कोणी लिहिलंय, सगळं बघणार. पटलं तर होकार." बायबल गेली दोन हजार वर्षं माझ्याच मंजुरीसाठी अडून राहिलंय, असा माझा सूर होता.

"अहो," आमची पुष्पा म्हणाली, "मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक चार वर्षं वाचताय. चटणीचं भांडं अजून बसत नाही."

उल्हासनगर, कॅम्प नंबर चार

आशीषने दुसऱ्याच दिवशी सुजाताच्या हाती मराठी बायबल पाठवलं. काळं कव्हर, पानांच्या कडा लाल, आणि कागद इतका पातळ की एक पान उलटताना तीन उलटत. मी आंघोळ केली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

घोळ झाला तो इथेच, आणि असा घोळ आमचीच माणसं करू जाणोत. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून पुढचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. पहिल्या पानावर आरंभ, शेवटच्या पानावर समाप्ती, आणि समाप्तीला खीर. मधलं पान गाळलं तर मागे बसलेली एखादी आजी हटकते, "भाऊ, काल कुठं थांबलो होतो? दोन पानं खाल्ली तुम्ही." हे इतकं अंगात मुरलंय की मी टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या पानापासून बघतो.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. जग निर्माण झालं, पूर आला, भावाभावांत भांडणं लागली, बापाच्या लाडक्याला भावांनी खड्ड्यात टाकून विकून टाकलं. पुष्पा भाजी निवडत ऐकायची. "अगदी आमच्या वांगणीच्या घरासारखं चाललंय," ती म्हणाली. वांगणीला तिच्या माहेरची जमीन आहे, आणि भाऊ चार आहेत.

मग तंबू आला. वाळवंटातून चाललेल्या लोकांनी देवासाठी उभारायचा तंबू. इतके हात लांब, इतके हात रुंद, फळ्या किती, कड्या किती, वर बकऱ्याच्या केसांचे पडदे. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत ड्राफ्ट्समन. मापं दिसली की हात शिवशिवतात. ड्रॉइंग शीट काढलं आणि बसलो. पण हात म्हणजे कोणाचा हात? माझा की पुष्पाचा? कोपऱ्यातली फळी काही केल्या बसेना.

"मांडव घालताय का लग्नाचा?" पुष्पाने खांद्यावरून डोकावून विचारलं. "म्हणजे होकार समजायचा?"

त्यात कहर असा, की सगळी मापं सांगून झाली आणि लोक प्रत्यक्ष तंबू बांधायला लागले, तेव्हा तीच मापं पुन्हा पहिल्यापासून! आमच्या कंपनीत मी एकच ड्रॉइंग दोनदा दिलं असतं तर साहेबांनी मला त्या ड्रॉइंगमध्ये गुंडाळून बाहेर ठेवलं असतं. मी भयंकर चिडलो. हे कोण सांगतंय? कोणाला? कधी? आमची सुत्तं, म्हणजे बुद्धाची प्रवचनं, बघा. पहिल्याच ओळीत पत्ता असतो. भगवान श्रावस्तीला होते की राजगृहाला, समोर कोण बसलं होतं, कोणी काय विचारलं म्हणून हे सांगितलं. आधी स्थळ, मग माणसं, मग उपदेश. इथे थेट फळ्या आणि कड्या!

असा मी रागात असताना विहाराचे सचिव घरी आले. टेबलावरचं पुस्तक त्यांनी पाहिलं.

"वाघमारे दादा, वर्षावासात हे?"

"वाचतोय नुसतं."

"नुसतं वाचण्यापासूनच सुरुवात होते," ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून, "जय भीम" करून गेले. बुधवारी विहारात माझी वाचनाची पाळी होती. पोचलो तर माझ्या जागी दुसरेच गृहस्थ बसून वाचत होते, आणि तेही दोन पानं खाऊन! कोणी हटकलं नाही. मी बोटानं पान दाखवायला गेलो तर सचिवांनी डोळे मिटून घेतले. वाचून समजून घ्या असं वर्षभर सांगायचं, आणि कोणी वाचायला लागला की त्याचीच पाळी काढून घ्यायची!

उल्हासनगर, पहिला रविवार

ठरवलं, आता जाणत्यालाच गाठायचं. ओळखीचा एक जीन्सवाला सिंधी म्हणाला, "हमारे पास्टर से मिलो ना." त्यांची प्रार्थना एका जीन्स धुण्याच्या कारखान्याच्या माडीवर भरते. खाली गटारातून निळं पाणी वाहत होतं, वर ढोलक आणि माइक जोरात चालू होते. लोक डोळे मिटून रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी सांगतो. मीच तेवढा कोरडा उभा होतो, मयतीला चुकून आलेल्या माणसासारखा.

प्रार्थना संपल्यावर पास्टरना गाठलं. "पास्टरजी, ये किताब किसने लिखी, कब लिखी, और किसके लिए लिखी?"

"आपके लिए लिखी, साईं! आपके लिए!"

"लेकिन मैं तो तब था ही नहीं."

"परमेश्वर को मालूम था, आप आनेवाले हो." आणि त्यांनी प्रार्थनेसाठी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सकाळीच खोबरेल थापलेलं. प्रार्थना लांबली, तेल कपाळावर उतरलं. आमेन झाल्यावर दोघांनीही रुमाल काढले.

ते वर म्हणाले, "शुरू से मत पढ़ो. पीछे येशू का जीवन है, वहाँ से पढ़ो." मधूनच! मी रागाने निघणार होतो, पण त्यांच्या म्हाताऱ्या आईने दाल-पकवानची ताटली पुढे केली. सिंधी दाल-पकवान समोर असताना तत्त्वासाठी उठून जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्या माउलीने माझा प्रश्न ऐकला होता. वाढता वाढता म्हणाली, "बेटा, हम सिंध से निकले तो इसी कॅम्प में आए. घर, मुल्क, सब उधर रह गया. इस किताब में भी सब कहीं न कहीं से निकाले हुए लोग हैं. मैं तो इसलिए पढ़ती हूँ."

तेव्हा मी मान हलवली आणि दुसरं पकवान घेतलं. ती काय बोलून गेली, ते मला पुढच्या रविवारी कळलं.

अंबरनाथ, दुसरा रविवार

लॅबमधल्या कुणीतरी सुजाताला सांगितलं होतं, की अंबरनाथच्या चर्चमधले फादर शिकलेले आहेत, प्रश्न विचारले तर रागवत नाहीत. स्टेशनबाहेर रिक्षात बसलो. "चर्चला घे."

"कोणतं चर्च?"

"मोठं."

रिक्षावाला मला थेट जुन्या शिवमंदिराच्या दारात घेऊन गेला. "काका, अंबरनाथमध्ये मोठं म्हणजे हेच." त्याच्याशी भांडलो, पण आलोच आहोत तर बघू म्हणून उतरलो. काळ्या दगडावर नखाएवढी जागा मोकळी न सोडता कोरलेलं. एकजण आपल्या पाहुण्यांना सांगत होता, की याच्यावर शिलालेख आहे, त्यात साल आहे. मला पुन्हा राग आला. दगडावर साल आहे, आणि एवढ्या मोठ्या पुस्तकावर नाही!

फादर वसईचे निघाले, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मराठी माझ्यापेक्षा चांगली. त्यांनी गावाहून आलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, पुढे ठेवली आणि माझं तंबूचं ड्रॉइंग चांगलं पाच मिनिटं न्याहाळलं.

"वाघमारे साहेब, इतके कष्ट घेऊन हे वाचणारा मला पहिल्यांदाच भेटतोय. आमचेही लोक तंबू आला की चार पानं उलटतात."

"उलटतात? चालतं?"

"अहो, हे एक पुस्तक नाहीच. हे कपाट आहे. कायदे, राजांच्या बखरी, गाणी, म्हणी, पत्रं. शेकडो वर्षांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. जुना भाग मुख्यतः हिब्रूत, नवा ग्रीकमध्ये. आणि कपाटात पुस्तकं लावलीत ती विषयवार, सालवार नाही. येशूची चार चरित्रं आधी दिसतात, पण मागे ठेवलेली पौलाची पत्रं बहुधा त्यांच्याआधीची आहेत."

"मग हे पहिल्या पानावर का लिहीत नाहीत?" मी जवळजवळ ओरडलो.

"आमच्या काही आवृत्त्यांत प्रस्तावना असते. तुमच्या प्रतीत नसेल."

म्हणजे माझे तीन आठवडे एका प्रस्तावनेअभावी वाळवंटात गेले! मी त्यांना आमच्या सुत्तांचं सांगितलं: स्थळ, समोरची माणसं, विचारणारा. फादर खुर्चीत पुढे सरकले. "हेच विचारत चला. प्रत्येक पुस्तकाला. हे कुठे बसून लिहिलं, समोर कोण होतं, त्यांचं काय दुखत होतं. बाबिलोनचा राजा आला, यरुशलेम पाडलं, देऊळ जाळलं, लोकांना धरून परमुलखात नेलं. या जुन्या भागातलं पुष्कळसं लिखाण त्या काळात किंवा त्यानंतर एकत्र बांधलं गेलं असं मानतात. आता विचार करा, ज्याचं देऊळ जळलंय तो माणूस तंबूची मापं एवढ्या मायेने का जपत असेल?"

मी सुकेळं चघळायचा थांबलो. माडीवरची सिंधी म्हातारी आठवली. ड्रॉइंगमध्ये न बसणारी ती फळी आता मला तशी नडेना.

मग मी कामाचं विचारलं. लग्न, बाप्तिस्मा, नियम. फादर म्हणाले, "भिंगारदिवे कुटुंब आमच्याकडचं नाही. ते प्रॉटेस्टंट. त्यांचे नियम त्यांचे पाळक सांगतील."

इथेही वेगळ्या चुली! येशू एक, आणि दरवाजे इतके. वास्तविक आमच्या विहारात दोन गट आहेत आणि दोघांचे बुद्धजयंतीचे मंडप समोरासमोर लागतात. पण दुसऱ्याच्या घरातली फूट बघून चिडायची मजा वेगळीच असते.

बदलापूर, तिसरा रविवार

भिंगारदिव्यांच्या घरी जेवणाचं बोलावणं होतं. मी, पुष्पा आणि सुजाता. आशीषची आई सुशीलाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. बदलापूर पूर्वेला दोन खोल्यांचं घर, भिंतीवर नगरकडच्या सासू-सासऱ्यांचा फोटो, आणि स्वयंपाकघरातून काळ्या मसाल्याच्या मटणाचा असा वास की माझ्या पोटातले सगळे आक्षेप गळून पडले. पुष्पाने पहिल्या घासाला मसाल्याची कृती विचारली, दुसऱ्या घासाला दोघींच्या आज्यांची गावं शेजारशेजारची निघाली. एकीच्या घरच्यांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, दुसरीच्या घरच्यांनी छप्पन्नला दीक्षा घेतली. दोघांना बंद झालेली विहीर मात्र बहुतेक एकच.

सगळं झकास चाललं होतं, आणि शमुवेलकाका बोलले. हे सुशीलाबाईंचे थोरले दीर, चामटोलीला राहतात, चर्चच्या पंचमंडळात आहेत. आतापर्यंत गप्प जेवत होते. हात धुऊन आले आणि म्हणाले, "तर वाघमारे साहेब, लग्न चर्चमध्ये. त्याआधी मुलीचा बाप्तिस्मा. आमच्या शास्त्रात रूथची गोष्ट आहे. परजातीची सून, पण सासूला म्हणाली, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. सून अशी पाहिजे."

माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. "म्हणजे आमची मुलगी तुमच्याकडे आली की आम्ही तिचे लोक नाही?"

"तसं नाही हो. पण शास्त्रात आहे."

"काका," आशीष म्हणाला, "हे आपण बोललो नव्हतो."

"म्हणून बोलतोय. आणि साहेब, धर्म बदलण्याचं तुम्हाला एवढं काय? तुम्हीही बदललाच ना?"

"आम्ही आपणहून बदलला! कोणाच्या लग्नात बसण्यासाठी नाही!" मी उठलो. पुष्पा म्हणाली, "अहो, बसा, खीर आहे." मी उभ्याने खीर खाल्ली. निषेध म्हणून.

घरी येताना मीच बोलत होतो. सुजाता खिडकीबाहेर बघत होती.

रूथचं पुस्तक कपाटात जरा पुढे सापडलं. जेमतेम चार अध्याय. त्याच संध्याकाळी वाचून संपवलं आणि दुप्पट चिडलो. दुष्काळ पडतो म्हणून बेथलेहेमची नामी नवऱ्याबरोबर मवाबात, परक्या मुलखात जाते. तिथे नवरा मरतो, ती मुलांना तिथल्याच बायका करते. मग दोन्ही मुलं मरतात. नामी परत निघते आणि सून रूथ तिच्याबरोबर येते, ते वाक्य बोलून. काकांनी सांगितलेलं वाक्य तिथे होतं. छापलेलं. मी त्याखाली पेन्सिलीने इतकी जोरात रेघ ओढली की पातळ पान फाटलं.

पुन्हा अंबरनाथ

गुरुवारी कंपनीतून सुटल्यावर तडक फादरकडे. आज रिक्षावाल्याला 'मोठं' म्हणालो नाही.

"तुम्हीच म्हणालात ना, समोर कोण होतं ते विचारा. विचारतोय. ही गोष्ट कोणाला ऐकवायला लिहिली?"

फादर हसले. "यावर पंडितांत वाद आहे, हे आधी सांगतो. काही म्हणतात ही जुनी, राजांच्या काळातली. पण पुष्कळजणांचं म्हणणं असं, की लोक बाबिलोनहून परतल्यावर एज्रा नावाचा शास्त्री आला. परजातीच्या बायका घरातून काढून टाका, मुलांसकट, असा त्याचा आग्रह होता. मवाबी लोकांचा तर विशेष तिटकारा. अशा वेळी कोणीतरी ही गोष्ट सांगितली: एक मवाबी सून होती, सासूची काठी झाली. आणि शेवटच्या ओळीत हळूच सांगितलं, ती कोण होती ते."

"कोण?"

"तुम्ही शेवट वाचला नाही? दावीद राजाची पणजी."

शेवटी नुसती नावं होती म्हणून मी ती गाळली होती. आयुष्यात पहिल्यांदा पान खाल्लं आणि नेमकं तेच!

परतताना मी आनंदाने इतका चिडलेलो होतो की विचारू नका. काकांचं हत्यार माझ्या हातात आलं होतं. सुनेला आपल्यासारखी करून घ्या असं सांगायला नव्हे, तर सुनांना हाकलणाऱ्यांचे कान उपटायला ही गोष्ट लिहिलेली असावी! मी आरशासमोर भाषणाची तालीम केली.

चामटोली, चौथा रविवार

शमुवेलकाकांना गाठायला मी, पुष्पा, सुजाता, आशीष आणि सुशीलाबाई निघालो. बदलापूरच्या पुढे शहर लगेच गाव होतं. भातखाचरं भरलेली, बांधावर टाकळा खुडणाऱ्या बाया, डोंगरावर ढग टेकलेले. निसर्गवर्णन करायचं तर इथेच करायला हवं होतं, पण नेमकी तेव्हाच माझी उजवी चप्पल चिखलात रुतली. पाय वर आला, चप्पल आली नाही. आशीष कोपरापर्यंत हात घालून शोधत होता. "राहू दे," मी म्हणालो, "माझ्याकडे मुद्दे आहेत." आणि एका चपलेने शमुवेलकाकांच्या ओटीवर चढलो.

"जय ख्रिस्त."

"जय भीम."

चहा यायच्या आत मी सुरू झालो. बाबिलोन, एज्रा, मवाब, पणजी. वीस मिनिटं बोललो असेन. बाहेर ओटीच्या कठड्यावर कोंबडी येऊन बसली होती, तीसुद्धा ऐकत होती. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किती दिवस झाले वाचताय?"

"महिन्याच्या वर झाला."

"मी साठ वर्षं वाचतोय. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तर गावानं पाणी तोडलं. भावानं तोंड बघितलं नाही. त्यांनी हे पुस्तक उराशी धरून दिवस काढले. आता आमची पोरं एकेक करून कुठेकुठे लग्नं करतात आणि रविवारी चर्चला म्हातारेच उरतात. तुमचा तो एज्रा, मला त्याचं बरोबर वाटतं. त्याचेही लोक थोडेच उरले होते."

हे मी पूर्वी ऐकलं होतं. शब्द वेगळे, पण हुबेहूब हाच आवाज, आमच्या विहारात. त्याने माझा राग कमी झाला असं नाही. उलट आता एकाऐवजी दोघांवर रागवायचं होतं. "थोडे उरलो म्हणून दुसऱ्याची पोर ओढून आणायची?" मी म्हणालो. "हा काय हिशोब झाला?"

"पप्पा, थांबा," सुजाता म्हणाली. महिनाभरात पहिल्यांदा. "काका, ते पुस्तक देता जरा?"

काकांनी आपली जीर्ण प्रत तिच्या हातात दिली. तिने रूथ काढलं. "मी लॅबवाली आहे, मला इतिहास कळत नाही. पण पप्पा विहारात नेहमी विचारतात, हे कोण बोलतंय आणि कोणाला. तेवढंच बघू. वाटेवर नामी सुनांना काय म्हणते?"

"परत जा म्हणते," सुशीलाबाई म्हणाल्या. "आपापल्या आईच्या घरी."

"एकदा?"

"एकदा कुठलं! पुन्हापुन्हा म्हणते. माझ्या मागे कशाला येता, म्हणते."

"एक सून परत जाते. अर्पा. तिला नामी काही बोलते?"

"नाही गं. ती मुका घेऊन जाते सासूचा."

"आणि रूथ ते वाक्य बोलते, ते कोणी बोल म्हटल्यावर बोलते?"

कोंबडी उतरून गेली.

"काका, मला तुमचा राग नाही," सुजाता म्हणाली. "पण ते वाक्य तिचं आहे. ते तुम्ही माझ्याकडून म्हणून घेतलंत, तर ते रूथचं राहत नाही. आणि पप्पा, तुम्ही हसू नका. तुम्हीही पुस्तक वाचून होकार देणार होतात. लग्न माझं. मला कोणी विचारलंय का या महिन्यात काही?"

मी हसत नव्हतो. म्हणजे, होतो, थांबलो.

सुशीलाबाईंनी पदर खोचला. "भावजी, या गोष्टीत सासू मी आहे. तुम्ही कोण आहात, मला दाखवा. थोरला दीर आहे का यात कुठं?"

थोरला दीर नाही, पण एक जवळचा नातेवाईक आहे खरा. तो ऐनवेळी माघार घेतो आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे पायातली वहाण काढून देतो. हे मला ठाऊक होतं. पण एकाच चपलेवर बसलेल्या माणसाने ते बोलू नये, एवढी अक्कल मला त्या क्षणी सुचली.

"मी काही मागत नाही हिच्याकडे," सुशीलाबाई पुढे म्हणाल्या. "नोंदणी करू दे त्यांना. दोन्ही घरं जेवायला एकत्र बसतील. पुढचं तिचं ती बघेल."

"चर्चमध्ये मी विरोधच करणार," काका म्हणाले.

"करा. आधी जेवून घ्या."

तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, सुकटाची चटणी. काका माझ्या शेजारीच बसले, माझ्याकडे न बघता. पण माझ्या पानातली चटणी संपली तेव्हा वाटी त्यांनीच सरकवली. मी ती रागाने घेतली.

लग्न हिवाळ्यात नोंदणी करून झालं. त्याचं वर्णन साडूने सगळीकडे केलेलंच आहे. माझा प्रवास चामटोलीच्या त्या रस्त्यावरच संपला. काकांनी दिलेल्या रबरी स्लिपरा घालून मी आणि सुजाता रिक्षाच्या नाक्याकडे चाललो होतो. आशीष आणि पुष्पा मागे, हातात टाकळ्याची जुडी. मी अजून धुमसत होतो. "बघितलंस? अखेरपर्यंत कबूल केलं नाही! विरोधच करणार म्हणे! कोणाच्या मनाविरुद्ध कोणाला देव बदलायला लावणं, यासारखं दुसरं पाप..."

"पप्पा."

"काय?"

"उद्या मलाच वाटलं, की घ्यावा बाप्तिस्मा. कोणी न सांगता. तर?"

मी चालायचा थांबलो. बाजूच्या खाचरात बेडूक ओरडत होते. बाबिलोन आठवलं, एज्रा आठवला, छप्पन्न साल आठवलं. तेव्हा मी दोन वर्षांचा, आईच्या कडेवर होतो. फादरनी सांगितलेल्या त्या अख्ख्या कपाटात याचं उत्तर मला दिसेना. माझा सगळा राग जागच्या जागी होता, फक्त त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती.

"तर," मी म्हणालो, "मी येईन. पहिल्या बाकावर बसेन. पण रागावून बसेन, आत्ताच सांगून ठेवतो."

"बसा," ती म्हणाली आणि माझा हात धरून चिखलातून पुढे निघाली. "दुसरं कसं बसता येतं तुम्हाला?"